समुद्र माझ्या नावावर

फरीदाबादच्या त्या कातळावर पहिला पांढरा रंग टाकला तो मी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी लोकांना नावं ठेवायला लागले की कुणी मध्येच माझ्याकडे बोट दाखवायला नको. नावं तर मी ठेवणारच आहे. चूक कबूल केली की तोंड शिवून बसायचं असतं, असं मला कुणी शिकवलेलं नाही.

आम्ही फरीदाबादला आलो ते नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला. नवरा ट्रॅक्टरचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात पेंट शॉपचा इंजिनियर. मी पुण्यात भूगर्भशास्त्र शिकलेली, पण सेक्टरातल्या भाड्याच्या घरात त्या शिक्षणाचं लोणचं घालायचं का, हा प्रश्नच होता. शेवटी एका इंग्रजी शाळेत भूगोल शिकवायला लागले. फळ्यावर गव्हाचे आणि तांदळाचे प्रदेश काढायचे आणि खिडकीतून अरवलीकडे बघायचं, असं पहिलं वर्ष गेलं. मी सोलापूरकडची. आमच्याकडे दगड म्हणजे काळा. इथला दगड गुलाबी, तांबूस, मध्येच दुधासारखा पांढरा, आणि इतका कठीण की हातोडा मारला तर आपल्याच हाताला झिणझिण्या येतात. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला. शेजारणी म्हणायच्या, इथे बघण्यासारखं काही नाही, बघायचं तर दिल्लीला जा. मी रविवारी नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून बरोब्बर उलट्या दिशेला जायची.

असंच एका थंडीतल्या संध्याकाळी, कीकरच्या, म्हणजे इथल्या बाभळीच्या, झुडपांतून वाट काढताना, तो कातळ दिसला. आमच्या दोन खोल्या मावतील एवढा सपाट, पश्चिमेकडे थोडा कललेला. सूर्य खाली आला होता, आणि त्या तिरप्या उन्हात अख्ख्या कातळावर लाटा उठलेल्या होत्या. चार-चार बोटं रुंदीच्या, एकीमागे एक, ओळीने. समुद्रकाठी ओहोटीनंतर वाळूवर राहतात ना, तशाच. शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता, त्याच्या तळाची वाळू पुढे दगड झाली आणि तिच्यावरच्या लाटा तशाच राहिल्या. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. पण प्रत्यक्ष समोर बघितल्यावर मी चप्पल काढली. नवरा म्हणाला, “देऊळ आहे का इथे?” मी म्हटलं, “तुम्हीपण काढा.” त्याने मुकाट्याने बूट काढले.

कातळाच्या कडेला एका सरकारी खात्याची निळी पाटी होती. हा भूवैज्ञानिक वारसा आहे, इथे हातोडा चालवण्यास मनाई आहे, वगैरे. त्या पाटीच्या जिवावरच तो वाचला होता. टेकडीच्या पलीकडे दगडाच्या खाणी होत्या, दुपारी भोंगा वाजायचा आणि मग सुरुंग उडायचे. पाटीची राखण करायला एक चौकीदार होता, पायथ्याच्या गावातला. तरुणपणी त्याच खाणीत सुरुंग भरायचा. छाती बिघडली म्हणून ते काम सुटलं आणि इकडे काठी हातात आली. मी कोण, कुठली, काय शिकवते हे त्याने पहिल्याच भेटीत विचारून घेतलं आणि मला ‘मास्टरनी जी’ करून टाकलं. दगडावर काठी आपटून आतून फुटलेला आहे की नाही हे तो आवाजावरून सांगायचा. माझ्या डिग्रीला हे येत नव्हतं.

पुढच्या वर्षी मी शाळेच्या मुलांना तिथे नेलं, आणि फजिती झाली. शाळेची बस सकाळचे तास झाल्यावर निघायची आणि शाळा सुटायच्या आत परत यायला हवी असायची, त्यामुळे आम्ही पोचलो भर दुपारी. डोक्यावर ऊन असताना त्या लाटा दिसतच नाहीत. सावलीच पडत नाही तर दिसणार काय? चाळीस मुलं कातळाभोवती उभी राहिली आणि एकीने विचारलं, “मॅम, समुंदर कहाँ है?” मी हात फिरवून दाखवत होते, मुलं एकमेकांकडे बघून हसत होती. मला असा राग आला! मुलांचा नाही, त्या उन्हाचा.

दुसऱ्या खेपेला मी देवघरातला रांगोळीचा डबा सोबत घेतला. दिल्लीच्या बाजारात दिवाळीला रंगीत भुकट्या मिळायच्या, पण आमच्यासारखी पांढरी, चिमटीतून सुळकन सुटणारी रांगोळी मी सोलापूरहून आणायची आणि पुरवून पुरवून वापरायची. ती मी कातळावर पसरली आणि तळहाताने हलकेच पुसली. खळग्यांत रांगोळी बसली, वरचे कंगोरे गुलाबी राहिले, आणि भर दुपारी समुद्र उभा राहिला. मुलं ओरडलीच. एकेकाने खाली वाकून लाटा मोजल्या. परत निघायच्या आधी मी मऊ ब्रशने सगळी रांगोळी झाडून डब्यात भरली. प्रत्येक खेपेला भरायची. माझ्या डोक्यातली ही युक्ती मला इतकी आवडली होती की शिक्षकांच्या खोलीत मी ती येईल त्याला ऐकवायची. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आता मंडळाबद्दल सांगते. कारखान्यांमुळे फरीदाबादेत मराठी कुटुंबं बरीच होती, आणि चार मराठी माणसं एकत्र आली की मंडळ होणारच. गणपती, हळदीकुंकू, कोजागिरी सगळं व्हायचं. कार्तिकात आवळीभोजन असायचं, म्हणजे आवळ्याच्या झाडाखाली पंगत. त्या वर्षी मी चढ्या आवाजात सांगितलं, तुम्हाला पार्कात पुरी-भाजी खाऊन कंटाळा नाही आला? मी तुम्हाला समुद्रकाठी नेते. चिटणीस वहिनींना कल्पना फार पसंत पडली. त्या म्हणाल्या, “पण तिथे आवळा आहे का हो?” आवळा नव्हता. मग त्यांनी आपल्या गच्चीवरची कुंडीच गाडीत घातली. कमरेएवढं रोप, त्याला हळदकुंकू वाहून त्याच्या नसलेल्या सावलीत आम्ही पस्तीस माणसं जेवलो.

नव्या मारुती गाड्यांची ती वर्षं. अर्ध्या मंडळाकडे गाड्या आल्या होत्या आणि सगळ्यांना त्या कुठेतरी न्यायच्या होत्या. मसालेभात गरम हवा म्हणून दगड मांडून चूल केली. कुठे करायची? गवताला आग लागू नये म्हणून मीच म्हटलं, “कातळावर करा, सपाट आहे.” हो, मीच. जेवणं चालू असताना चुलीखालून टक् असा आवाज झाला. कुणीतरी म्हणालं, कोळसा फुटला. मला माहीत होतं की कोळसा फुटलेला नाही. असा दगड एकाच जागी तापला की त्याची ढलपी सुटते. निघताना मी राख बाजूला करून पाहिलं, तर एका लाटेचा तळहाताएवढा तुकडा उडाला होता. सगळे हसतखेळत गाडीत बसत होते, वहिनी मला “पुढच्या वर्षीपण इथेच हं” म्हणत होत्या. मी पायाने राख परत त्यावर ढकलली आणि गाडीत जाऊन बसले.

त्या दिवशी मी लोकांना दाखवायला रांगोळीही पसरली होती. एकाने फोटो काढला. तो मंडळाच्या वार्षिक अंकात आला, सोबत माझा लेख आणि कसं पोचायचं याचा नकाशा. नकाशा मीच काढला होता, भूगोलाची शिक्षिका ना मी! अंकातून तो फोटो कसा कोण जाणे एका हिंदी वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत गेला. मथळा होता, दिल्लीच्या शेजारी प्राचीन समुद्र. मी ती पुरवणी दहा जणांना पोस्टाने पाठवली, सोलापूरला आईकडेसुद्धा.

मग लोक यायला लागले. आधी रविवारी पाच-सहा गाड्या, मग वीस-पंचवीस. नवीन कॉलन्यांतून, दिल्लीहून, गुडगावहून. लोकांच्या हातात पैसा आणि गाडी एकदमच आली होती, आणि जायला जागा तेवढी नव्हती. आतून चांदीसारखी चकाकणारी वेफर्सची पाकिटं तेव्हा नवीच निघाली होती, ती कीकरच्या काट्यांत अडकून वर्षभर फडफडायची. बाटल्या फोडल्या जायच्या. खिळ्याने नावं कोरली जायची, नावाभोवती बदाम. हिवाळ्यात शेकोट्या पेटायच्या, आणि त्या कुठे पेटायच्या? जिथे आमच्या चुलीचा काळा डाग होता, तिथेच. लोकांना वाटायचं, ही जागा त्यासाठीच आहे. चौकीदार काठी घेऊन धावायचा, खोकायचा, लोक त्याला शीतपेय देऊ करायचे. मी रविवारी जाऊन पाकिटं गोळा करायची आणि लोकांशी भांडायची. एका गृहस्थाने मला विचारलं, “आंटीजी, पत्थर ही तो है, इसका क्या बिगड़ेगा?” मी त्याला पाऊण तास सांगितलं. तो म्हणाला, “व्हेरी इंटरेस्टिंग,” आणि कातळावर गाडी चढवून वळवून गेला.

नवरा म्हणायचा, “कशाला लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस?” मी म्हणायची, “पीठ मीच मळलंय.”

अशात पर्यटनाचं काम बघणाऱ्या एका कार्यालयातून बोलावणं आलं. साहेब चाळिशीचे, गोड बोलणारे. त्यांच्या टेबलावर पुरवणीतला तो फोटो होता. तिथे व्ह्यू पॉइंट करायचा होता, बाकं, कारंजं, खाण्याचे स्टॉल. मी म्हटलं, कुंपण घाला, माणसं लांबून बघू देत, चढू देऊ नका. ते सगळं लिहून घेत होते. मला बरं वाटत होतं, खोटं का बोलू. इतक्या वर्षांत माझ्या शिक्षणाबद्दल मला कुणी खुर्ची देऊन विचारलं नव्हतं. शेवटी फोटोवर बोट ठेवून ते म्हणाले, “मैडम, ये लुक हमें बहुत पसंद आया। बस, परमानेंट हो जाए तो बात बने।” मला तो विनोद वाटला. मी हसले आणि चहा प्यायले.

महिना-दीड महिन्याने एका सकाळी चौकीदार शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. तो कधी शहरात यायचा नाही. दम लागला होता. म्हणाला, “मास्टरनी जी, तेरे समंदर पै रंग फेर दिया।”

मी पहिला तास सोडून त्याच्याबरोबर गेले. खळग्यांत पांढरा ऑइलपेंट, कंगोऱ्यांवर निळा. पेंटरने फार मन लावून काम केलं होतं, एक लाट सोडली नव्हती. कोरलेली नावंसुद्धा त्याने कडेने नीट वळसा घालून तशीच ठेवली होती. शंभर कोटी वर्षं त्या खुणांनी काय काय सोसलं असेल, समुद्र गेला, डोंगर उभे राहिले, झिजले, खाणीच्या सुरुंगांतूनही त्या वाचल्या, आणि आता त्या एखाद्या स्विमिंग पूलच्या फरशीसारख्या दिसत होत्या. मी तिथे बसून रडले. चौकीदार पाठ करून उभा राहिला. त्याने त्यांना अडवलं होतं, पण पेंटरकडे शिक्क्याचा कागद होता आणि चौकीदाराकडे काठी. त्याच्या खात्याला या दुसऱ्या कार्यालयाने विचारलंसुद्धा नव्हतं.

उद्घाटनाला मला बोलायला बोलावलं होतं. स्वागताच्या रांगोळ्या मंडळाकडे. चिटणीस वहिनी आदल्या दिवशी घरी आल्या. गणपतीसाठी मोठं मैदान मिळावं म्हणून मंडळाचा अर्ज कुठेतरी अडकला होता आणि साहेबांची ओळख उपयोगी पडणार होती. “तुम्ही तिथे तमाशा नका करू हं,” त्या म्हणाल्या. “झालं ते झालं. छानच दिसतंय की, उलट आता कुणालाही कळतं.” मी म्हटलं, “वहिनी, मी तमाशाच करणार आहे. तुम्ही रांगोळी काढा.”

केला तमाशा. माइक हातात आल्यावर मी हिंदीतून सांगितलं की हा समुद्र दाखवायला मी पावडर टाकत होते आणि झाडून परत नेत होते, तुम्ही पेंट टाकलात. हा दगड तुम्ही मारलात आणि कसा मारायचा ते मी शिकवलं, म्हणून आधी मी माफी मागते, मग तुम्ही मागा. साहेबांनी अलगद माइक घेतला आणि म्हणाले, “मैडम भावुक हो गईं। तालियाँ!” टाळ्या वाजल्या, फीत कापली गेली, आणि सगळे बूट घालून समुद्रावर चढले. मंडळातल्या लोकांनी पुढे कितीतरी दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. मैदान काही त्यांना मिळालंच नाही, तेही माझ्या खात्यावर जमा झालं.

मी घरी येऊन थिनरचा डबा शोधायला लागले. कातळाजवळचा एक सुटा दगड घरी आणला होता, पेंटरने त्याच्यावरही तोच रंग फासला होता. नवऱ्याने माझ्या हातातून डबा काढून घेतला. लष्कराच्या भाकऱ्यांवर बोलणारा हा माणूस त्या दगडावर वाकला आणि नखाने रंग खरवडत म्हणाला, “थिनर लावलास तर रंग पातळ होऊन चिरांमध्ये उतरेल. मग ब्रह्मदेव आला तरी निघणार नाही. हे बघ, प्रायमर मारलेला नाही. धूळसुद्धा पुसलेली नाही. बिल्कुल हौशी काम आहे. इथल्या उन्हात दोन-तीन उन्हाळ्यांत पोपडे निघून आपोआप गळेल.” मग म्हणाला, “फक्त दुसरा हात मारू द्यायचा नाही.”

सगळं त्या एका गोष्टीवर आलं होतं. कातळाला कुणी हात लावला नाही तर तो ऊन-पावसात स्वतःला सोडवून घेईल. पण कार्यालयाचा बेत दरवर्षी सीझनच्या आधी नवा रंग द्यायचा होता. दुसरा, तिसरा, चौथा थर बसला की लाटा भरून जाणार, आणि पुढे त्या खाली आहेत हे सांगायलाही कुणी उरणार नाही.

पुढच्या वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस चौकीदाराचा निरोप आला. मी शाळेत रजा टाकली, सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा घेतला आणि कातळाच्या मधोमध सतरंजी टाकून तपासत बसले. दोन पेंटर डबे घेऊन आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पेपरांकडे पाहिलं, आणि सावलीत जाऊन विड्या ओढायला लागले. चौकीदार सतरंजीच्या कडेला येऊन बसला. मी म्हटलं, तुमची नोकरी जाईल. तो म्हणाला, “पाटी की रखवाली की तनखा है। पाटी नू ही कहै है, हाथ मत लगाओ।” दुपारी नवरा डबा घेऊन आला आणि परत कारखान्यात न जाता तोही बसला. अख्ख्या नोकरीत न सांगता केलेला त्याचा हा एकच खाडा.

तीनच्या सुमाराला साहेब आले, आणि ते रागावलेले नव्हते, दुखावलेले होते. “मैडम, आप ही विरोध कर रही हैं? ये तो आप ही की डिज़ाइन है।” मी म्हटलं, कुणाची? त्यांनी फाइलच उघडून दाखवली. आत पुरवणीतला तोच रांगोळीचा फोटो चिकटवलेला, त्याखाली शेरा, डिझाइन अमुक शाळेच्या शिक्षिका यांच्या सौजन्याने, आणि त्यावर तीन वरिष्ठांच्या सह्या. मी तो शेरा दोनदा वाचला. वर्षभर ज्या गोष्टीने मला झोप लागत नव्हती, ती तिथे तिघांच्या सहीने मंजूर झालेली होती.

आणि मग मला जे सुचलं, ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. मी म्हटलं, “हाँ, डिज़ाइन मेरी है। इसीलिए वापस ले रही हूँ।”

साहेब हसले. मी हसत नव्हते. पेपरांच्या गठ्ठ्यातली दोन कोऱ्या पुरवण्या घेऊन मी दोन्हींवर हिंदीतून लिहिलं, या कातळावरील लहरींची डिझाइन माझी आहे, माझ्या लेखी परवानगीशिवाय तिच्यावर रंगकाम करण्यास माझी हरकत आहे. खाली सही, पत्ता. नवरा कानाशी म्हणाला, “हातात देऊ नकोस. आवक विभागात जाऊन शिक्का घे.” साहेबांच्या आधी आम्ही स्कूटरवरून त्यांच्या कार्यालयात पोचलो, कागद दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतला.

भूगर्भशास्त्राच्या माझ्या सरांनी ते वाचलं असतं तर मला वर्गाबाहेर काढलं असतं. माणूसच नव्हता, मासाही नव्हता, अशा काळातल्या समुद्रावर मी मालकी सांगितली होती, तीही शाळेच्या पुरवणीवर. चौकीदाराला सांगितलं तेव्हा तो खोकत खोकत हसला. “समंदर का मालिक भी आदमी होवै है के?” मी म्हटलं, “फाइलीत होतो.” खरं बोलून, रडून, माइकवर माफी मागून जे झालं नाही, ते या एका खोटेपणाने केलं. फाइल विधी विभागात गेली. डिझाइन सौजन्याने घेतलेली असून सौजन्य मागे घेतल्यास काय करावे, यावर कुणाला सही करायची नव्हती. दरवर्षी सीझनच्या आधी ती फाइल वर यायची, हरकत बघायची आणि खाली जायची. त्या सप्टेंबरनंतर पेंटर आले नाहीत. साहेबांची बदली झाली, नव्या साहेबांनी दुसरीकडे तलाव शोधला.

नवऱ्याचा हिशेब थोडा चुकला. तीन नाही, पाच उन्हाळे लागले. आधी निळा फिका झाला, मग पांढऱ्याला पोपडे धरले. मे महिन्यात लूच्या गरम वाऱ्यात ते उडून जाताना मी स्वतः पाहिले आहेत. मी बोटही लावलं नाही, नुसती बघत राहिले. खिळ्यांनी कोरलेली नावं अजून आहेत, बदामांसकट. त्यातल्या प्रेमांचं काय झालं असेल कोण जाणे.

आमच्या दारात आता रांगोळी नसते. दिवाळीत शेजारणी म्हणतात, “आंटी, आप महाराष्ट्रियन होके भी?” वहिनी, हो, त्या परत बोलायला लागल्या, म्हणतात दार ओकंबोकं दिसतं. दिसू दे. डबा देवघरात तसाच भरलेला आहे.

मुलांना मी निवृत्त होईपर्यंत नेत राहिले आणि अजूनही कुणी बोलावलं तर नेते, पण माझ्या अटीवर. डिसेंबरात, चार वाजता पोचायचं. बूट कडेला काढायचे. मग बसून राहायचं, कारण चारला काहीच दिसत नाही. मुलं चुळबुळतात, विचारतात, “मॅम, समुंदर कब आएगा?” मी म्हणते, येईल, त्याला घाई नाही. पाचच्या सुमाराला ऊन कलतं आणि एकेक लाट उठायला लागते, कुणी काही न टाकता.

पण त्याच्या आधी, तो तास घालवताना, मी त्यांना एक जागा दाखवते. काळा डाग आहे, मध्ये तळहाताएवढं टक्कल, तिथे लाट नाही. रंग गेला, पण ही लाट काही परत येत नाही. मुलांना वाटतं, शेकोटीवाल्यांनी केलं, खाणवाल्यांनी केलं, त्यांच्या पुस्तकात तसंच असतं. मी त्या खळग्यात माझा हात ठेवते. तो बरोब्बर मावतो. मग सांगते की सरकारी फाइलीप्रमाणे हा सगळा समुद्र माझा आहे. ते खोटं आहे. एवढा तुकडा मात्र खरंच माझा, इथे आम्ही मसालेभात गरम केला होता.